खिशातला जीव

टोइंगचा धंदा म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते. नो पार्किंगमधली स्कूटर उचलून नेणारे ते आम्हीच, असा सगळ्यांचा समज. आम्ही ते नव्हे. आम्ही ब्रेकडाऊनवाले. बंद पडलेली, ठोकलेली, गटारात चाक गेलेली गाडी आमच्या ट्रकवर ओढून घ्यायची आणि गॅरेजला पोचवायची, एवढंच आमचं काम. पण बोरीवलीत आमच्या सोसायटीत कुणाची गाडी पोलिसांनी उचलली की दोन दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलायचं नाही. आधी मी समजावून सांगायचो. मग सोडून दिलं. राहू दे त्यांना घुश्शात.

एका ट्रकवर माणसं दोन. एक ड्रायव्हर, दुसरा खाली जाणारा. खाली जाणाऱ्याने बंद गाडीच्या पोटाखाली पाठीवर सरकत शिरायचं, हुक किंवा पट्टा कुठे टिकेल ती जागा हाताने शोधायची आणि बांधून बाहेर यायचं. मी खाली जाणारा. आमचा ड्रायव्हर मालवणकडचा, माझ्याच वयाचा आणि पोटाने माझ्या दुप्पट. हा खाली गेला तर याला ओढायला दुसरा ट्रक मागवावा लागेल, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. तोही कमी नव्हता. तुझ्या अंगावर मांस नाही म्हणून शेठ तुला पगार देतो, म्हणायचा. अकरा वर्षं आम्ही एका केबिनमध्ये काढली. घरी बायकोशी बोललो नसेन तेवढं त्याच्याशी बोललो.

पहिल्याच वर्षी माझी करंगळी गेली. घाटकोपरला हायवेवर एक बंद टेम्पो ओढायचा होता. मी खाली, डावा हात हुक आणि लोखंडाच्या मध्ये. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि एक हवालदार ड्रायव्हरच्या दारावर थापा मारत, पुढे घे, पुढे घे म्हणून ओरडत होता. याने गडबडून ट्रक पुढे घेतला. मी खाली आहे हे तेवढ्या वेळापुरतं विसरला. ट्रक हलला असेल वीतभर, पण करंगळीचं वरचं पेर त्यात गेलं. माझा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळून त्यानेच मला इस्पितळात नेलं, आणि ड्रेसिंग होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बनियनवर बसून रडला. बायको धावत आली, तर मला बघायच्या आधी तिला त्याचीच समजूत काढावी लागली.

नियम त्या बाकावर झाला, आणि तो त्यानेच केला.

"आजपासून तू खाली जाशील तेव्हा चावी तुझ्याकडे," तो म्हणाला. "चावी नाय तर इंजिन नाय. इंजिन नाय तर विंच पण नाय. मग वर कोण येऊन बोंबलला तरी काय हलणार नाय."

विंच म्हणजे ट्रकवरचं लोखंडी दोर गुंडाळणारं रीळ. ते इंजिनावर चालतं, म्हणून त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक कामाला हेच. तो इंजिन बंद करायचा, चावी काढायचा, माझ्या तळहातावर ठेवायचा. मी ती शर्टाच्या खिशात टाकून बटण लावायचो आणि मगच पाठ टेकायचो. बाकीचं सगळं होतंच. मागे पन्नास पावलांवर नारंगी कोन ठेवायचे, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, गाडीतल्या माणसांना कठड्याच्या पलीकडे उभं करायचं, दोर ताणलेला असेल तेव्हा त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण तो तुटला तर समोरच्याला उभा कापतो. पण हे सगळं केलं तरी माझ्या छातीतली धडधड थांबायची ती चावीने.

चावीला आम्ही जीव म्हणायला लागलो. कधी लागलो ते आठवत नाही. मी हात पुढे करून "जीव दे" म्हणायचो, तो "घे जीव" म्हणून चावी द्यायचा. लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मुलुंडला एकदा गाडी बंद पडलेल्या एका निवृत्त मास्तरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. रस्त्यात उभे राहून एकमेकांना जीव द्यायला सांगता, लाज वाटत नाही का, म्हणाले. चावी दाखवून आम्ही त्यांना अर्थ सांगितला. तेव्हा ते स्वतःच कोन ठेवायला मदत करू लागले. आम्हाला या नियमाचा अभिमान होता. दुसऱ्या ट्रकवरची माणसं हसायची, चावी काय मंगळसूत्रासारखी देता म्हणून चिडवायची. आम्ही हसण्यावारी न्यायचो.

दोन वर्षांपूर्वी शेठने नवा ट्रक घेतला. केबिनला एसी. मालाडच्या आमच्या गॅरेजसमोर पूजा झाली, नारळ फुटला. नव्या गाडीला चाव्या दोन येतात हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिथेच आमच्या ड्रायव्हरला विचारलं, दुसरी कुठे? तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता त्याच्या. चावत चावत म्हणाला, शेठच्या कपाटात. विषय संपला. मी शेठला जाऊन विचारलं नाही. कशाला विचारू? करंगळीसाठी जो रडला त्यानेच सांगितलं होतं.

परवाच्या मे महिन्यातली दुपार. मालाडला फ्लायओव्हरच्या उतारावर एक कार दुभाजकाला घासून अडकली होती, पुढचं डावं चाक आत दुमडलेलं. चालवणारी बाई चाळिशीची, सोबत तिची म्हातारी आई. कुणाला लागलं नव्हतं. नियमाप्रमाणे दोघींना कठड्यापलीकडे उभं करायला हवं होतं, पण तिथे टीचभर सावली नव्हती आणि आजींचे ओठ पांढरे पडायला लागले होते. आमच्या केबिनमध्ये बसवू या, असं मीच म्हणालो. ते मी आजही कबूल करतो.

त्याने ट्रकचा मागचा सपाट बेड तिरका करून खाली टेकवला, दोर सोडला, मी हुक अडकवला. त्याने दोर जरासा ताणून पाहिला तर गाडी एका अंगाला ओढली जायला लागली. दुसऱ्या बाजूने पट्टा बांधणं आलं, आणि त्यासाठी खांद्यापर्यंत आत शिरणं आलं. त्याने इंजिन बंद केलं. विंचचा दांडा मधल्या, म्हणजे बंदच्या जागी आणायचा राहिला, ओढायच्या जागीच राहिला. तो त्याने आणायचा आणि मी एकदा बघायचा, अशी खरी पद्धत. पण चावी माझ्याकडे असल्यावर दांडा कुठे का असेना, अशी आम्हाला सवय लागली होती. मी हात पुढे केला. त्याने चावी ठेवली. मी बटण लावलं आणि खाली गेलो.

पट्टा अर्धा गुंडाळून झाला होता, तेव्हा ट्रकचं इंजिन चालू झालं.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? खिसा चाचपला. गाडी हलायला लागलेली, दोर कुरकुरत ताणला जातोय, आणि मी खाली पडून बटणावरून चावी दाबून बघतोय. चावी होती. तिचे दात कापडातून बोटाला लागले. इंजिन चालू झालं याच्यापेक्षा चावी खिशात आहे याचीच मला जास्त भीती वाटली, कारण मग हे कोण चालवतंय तेच कळेना. मग गाडीचं पोट माझ्या छातीवरून सरकलं, खांद्याला गरम लोखंड घासलं, आणि मी ओरडत आडवा लोळलो. अंगातलं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट अडकलं. ते फाटलं म्हणून मी बाहेर आलो.

इंजिन बंद झालं. तो धावत आला, चेहरा पार उतरलेला.

"लागला नाय मा तुका खंय?"

मी उठून बसलो. बटण काढलं, चावी बाहेर काढली आणि त्याच्यासमोर धरली. तो चावीकडे बघत राहिला. त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि तो काही केल्या बाहेर येईना. केबिनच्या दारातून आजी खाली वाकून विचारत होत्या, काय झालं बाळांनो, बंद का केलात, आता कुठे बरं वाटत होतं. त्यांच्यासाठी त्याने एसी लावला होता. त्या पाण्याची बाटली घेऊन स्वतः उतरल्या, माझा सोललेला खांदा बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्यावर रागावणं शक्यच नव्हतं. त्या बिचारीला कुठे ठाऊक होतं.

काम आम्ही पुरं केलं. दांडा मधे आणून, दुसरी चावी माझ्याकडे घेऊन, मीच पुन्हा खाली जाऊन. आता विचार करतो तर त्या वेळी परत खाली कसा गेलो तेच कळत नाही. बहुतेक मला विचार करायचा नव्हता. मायलेकी रिक्षाने घरी गेल्या आणि आम्ही कार घेऊन अंधेरीच्या गॅरेजकडे निघालो. गोरेगावला सिग्नल लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो सिग्नलकडे बघत होता. "गाडी आली तेव्हापासून. पहिल्याच आठवड्यात शेठकडून मागून घेतली. तू खाली अर्धा अर्धा तास, आणि वर भट्टी होते रे. जीव जातो."

"एवढ्या दिवसांत इंजिन कसं नाही ऐकलं मी?"

"इंजिन कधी लावलंच नाय. तुला ऐकू आलं असतं ना. चावी अर्धी फिरवायची, नुसता पंखा लावायचा, मोबाइल चार्जिंगला लावायचा. आज त्या म्हातारीला बघून हात पुढे गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक झाली असं म्हणाला असता तर मी समजू शकलो असतो. पण मला ऐकू येईल म्हणून त्याने इंजिन लावलं नाही. म्हणजे आपण काय करतोय हे त्याला रोज ठाऊक होतं. अर्ध्या फेरीवर हात थांबवायचा आणि मी खाली कण्हत पट्टा आवळतोय ते ऐकत पंख्याचा वारा खायचा. त्या अर्ध्या फेरीच्या पुढे, अर्ध्या बोटावर, माझं मरण होतं. अशी किती कामं झाली दोन वर्षांत? मी मोजायला लागलो आणि अंधेरी यायच्या आत मोजणं सोडून दिलं.

"मग मला चावी कशाला देत होतास?" मी विचारलं. "घे जीव, घे जीव करून रोज कशाला ठेवत होतास हातावर?"

त्याने गिअर बदलला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "तुला बरं वाटायचं ना. चावी हातात पडली की तू बिनधास्त जायचास खाली. काम पटकन व्हायचं."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा शेजारच्या सीटवर बसून इंडिकेटर देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठसमोर उभा राहिलो. तोही होता. शेठ खुर्चीतून उठलाच. तुम्हां दोघांचं ठरलंय असं हा म्हणाला म्हणून मी दिली, नाहीतर मी कशाला देतोय, असं शेठ म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं. ड्रायव्हरने मान खाली घातली. शेठने दुसरी चावी आमच्या दोघांच्या देखत कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि झालं गेलं विसरा म्हणाला. मी सांगितलं की मी आता खाली जाणार नाही. शेठला वाटलं मी रुसलोय. मी रुसलो नव्हतो. आदल्या रात्री घरी पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकलो तेव्हा हात आत जाईना. पन्नाशी उलटलेला माणूस, दुसरं काही येत नाही, आणि पलंगाखाली हात घालता येत नाही. पुढे पोट कशावर भरायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. तो शेठला काय सांगणार.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती, हात थांबला तिचा. "अहो, पण तो रडला होता तेव्हा," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. खोटं रडत नव्हता तो."

नव्हता हे मलाही ठाऊक होतं. तेव्हाचं रडणं खोटं असतं तर सोपं होतं. एक खोटा माणूस अकरा वर्षं ओळखता आला नाही, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण तो खराच रडला होता, नियमही त्याने मनापासूनच केला होता, आणि मग उकडायला लागल्यावर तोच नियम त्याने आतून पोखरला आणि वरचं टरफल माझ्यासाठी जपून ठेवलं. घरी गणपतीला आला की तो माझ्या मुलीला करंगळीची गोष्ट सांगायचा, स्वतःला शिव्या देऊन सांगायचा. मागच्या गणपतीतही सांगितली होती. तेव्हा दुसरी चावी त्याच्या खिशातच असणार.

शेवटी तोडगा त्यानेच काढला. मी खाली जातो, तू लिव्हरवर राहा, म्हणाला. शेठने ट्रक चालवायचं लायसन माझ्याकडे आहे का विचारलं. होतं. मला वाटलं, याला पश्चात्ताप झालाय. निदान एवढं तरी. खोटं कशाला बोलू, माझं मन थोडं विरघळलं. एवढं पोट घेऊन गाडीखाली घुसायला तयार झाला म्हणजे त्याला काहीतरी फेडायचं असेल, असं मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

दोन दिवसांनी पहिलं काम आलं. कांदिवलीला सर्व्हिस रोडवर एका कारचं पुढचं चाक झाकण नसलेल्या गटारात गेलं होतं. सकाळची वेळ, रस्त्याला फारशी गर्दी नाही. मी कोन ठेवले, ठोकळे लावले, कारवाल्याला फुटपाथवर उभं केलं. दांडा मधल्या जागी आणला आणि त्याला हात लावून दाखवला. इंजिन बंद केलं, चावी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. 'घे जीव' काही माझ्या तोंडातून फुटलं नाही. नुसतीच ठेवली.

त्याने ती खिशात टाकली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "दुसरी?"

"कुलपात आहे. तुझ्यासमोरच ठेवली ना."

"होय, होय," तो म्हणाला.

धापा टाकत तो एका गुडघ्यावर बसला, दुसरा गुडघा टेकला, गाडीखालच्या अंधारात डोकावला. तसाच राहिला थोडा वेळ. मग बंपर धरून उठला, ट्रकच्या बाजूला गेला, टूलबॉक्समधून स्पॅनर काढला आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं. टपावरचा पिवळा फिरता दिवा विझला. काय करतोयस, असं मी विचारणार होतो, पण तोवर मला दिसलं होतं. त्याने बॅटरीची वायर काढून बाजूला केली होती. ती काढली की चाव्या दोन असोत की दहा, इंजिन लागत नाही, पंखाही लागत नाही. हे त्याला काही आजच सुचलेलं नव्हतं. हात न अडखळता त्याने ते केलं.

माझ्याकडे न बघता त्याने स्पॅनरही खिशात टाकला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती त्याला.